उजवं कोपर

डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि देवयानी हसली. मोठ्यानं नाही, दवाखान्यात हसावं इतपतच; पण हसली. सुधन्वाच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला जे हाड वर येतं त्यावर अंगठा दाबून डॉक्टर म्हणाले होते, "इसको गोल्फर्स एल्बो बोलते हैं." अंगठा नेमका दुखऱ्या जागी पडला होता आणि कळ करंगळीपर्यंत गेली होती, पण त्या शब्दापुढे कळ काहीच नव्हती. आता सगळं संपलं, असं त्याला वाटलं. "गोल्फ?" देवयानी म्हणाली, "डॉक्टरसाहब, इन्होंने तो ज़िंदगी में कॅरम भी नहीं खेला." डॉक्टरही हसले. म्हणाले, नावाचं काय एवढं, प्लंबरलाही होतं, पोळ्या लाटणाऱ्यांनाही होतं. मुठीनं काही घट्ट धरून मनगट वाकवलं की तिथला स्नायू कुरकुरतोच. "घर में कुछ भारी उठाते हैं?" सुधन्वानं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी देवयानी बोलली. "फादर-इन-लॉ को. रोज़ सुबह. बेड से चेअर, चेअर से बाथरूम. दो साल से. किसी और को हाथ लगाने नहीं देते." डॉक्टरांनी चष्म्यावरून सुधन्वाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात आदर होता. "बस. वही है," ते म्हणाले. सुधन्वाचं उघडलेलं तोंड मिटलं. झालं ते एवढंच. खोटं म्हणावं असं एक अक्षर तो बोलला नव्हता.

घरी परतताना गाडी त्यानंच चालवली. देवयानी नको नको म्हणत होती, कोपराला पट्टा लावलाय तर मी घेते म्हणत होती, पण किल्ली त्यानं खिशातून काढलीच नाही. मयूर विहारच्या आतल्या रस्त्यांवर दर चार घरांमागे एक स्पीड ब्रेकर आहे, आणि प्रत्येक ब्रेकरला डिकीत लोखंडाला लोखंड लागल्याचा बारीक आवाज होत होता. आवाज होऊ नये म्हणून त्यानं काठ्यांच्या माना जुन्या टॉवेलात गुंडाळल्या होत्या, वरून सोलापुरी चादर घातली होती, तरी व्हायचाच. देवयानीनं जॅक सैल झालाय असं निदान केव्हाच केलं होतं आणि मेकॅनिकला दाखव म्हणून ती तीन महिने मागे लागली होती. आताही म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "सुधन्वा, बास झालं हं आता. तू श्रावणबाळ होऊन चालणार नाही. हात कायमचा गेला तर?" तिचा आवाज खरोखर कापरा झाला होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेबरोबर, का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं. इतक्या काळजीनं ती त्याच्याशी बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती. त्यानं स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं आणि कोपरातून कळ आली.

आई गेली त्या वर्षी धीरजनं त्याला पहिल्यांदा नोएडाच्या रेंजवर, गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, नेलं होतं. धीरज ऑफिसातला, शेजारच्या सेक्शनचा डायरेक्टर. हल्लीच खेळायला लागला होता आणि नव्यानं बाटलेल्या माणसासारखा सगळ्यांना ओढून नेत होता. चल यार, दहा बॉल मार, डोकं साफ होतं. सुधन्वा नाइलाजानं गेला. सिमेंटवर अंथरलेली हिरवी चटई, समोर लांबच लांब मैदान, त्यात रोवलेले झेंडे. सात-आठ चेंडू हुकले किंवा घरंगळले. मग एक लागला. टक् असा कोरडा, स्वच्छ आवाज झाला आणि चेंडू वर गेला, जात राहिला, दिल्लीच्या त्या मळकट आभाळात दिसेनासा झाला. हा आवाज त्यानं आधी ऐकला होता. भिंतीच्या पलीकडून.

तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असेल. बाबा, म्हणजे विश्वनाथ गुप्ते, दिल्लीत एका मंत्रालयात यूडीसी, वरच्या श्रेणीचे कारकून, होते, आणि रविवारी एखादी तातडीची फाइल निघाली की साहेब जिथे असतील तिथे जाऊन सही आणायची हे काम आपसूक त्यांच्याकडे यायचं. नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. स्कूटरवर पुढे सुधन्वा उभा, मागे कॅरिअरला फाइल. साहेब गोल्फ खेळत असायचे. आत जायची परवानगी नसे, म्हणून दोघं फाटकाशी कडुलिंबाखाली उभे राहत, आणि भिंतीपलीकडून टक्, टक् ऐकू येई. एकदा साहेब फाटकापर्यंत आले. गोरे, घामेजलेले, डाव्या हातात पांढरा मोजा, उजवा हात उघडा. फाइल ठेवायला काही नव्हतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. आणि बाबा वळले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. सांगावंसुद्धा लागलं नाही. साहेबांनी फाइल बाबांच्या पाठीवर ठेवली आणि सही केली, एक नाही, पानं उलटून उलटून तीन ठिकाणी. परतताना सुधन्वानं विचारलं होतं, "साहेबांनी एकाच हातात मोजा का घातला होता?" बाबा म्हणाले, "दुसरा हात सही करायला मोकळा लागतो ना." आणि स्वतःच खूप हसले. घरी आईला सांगताना पुन्हा हसले. काठीनं गोटी ढकलायची आणि त्याला खेळ म्हणायचं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, पुढे कित्येक वर्षं टीव्हीवर गोल्फ दिसला की ते यायचंच. पाठीचा उल्लेख मात्र त्यांनी कधी केला नाही. सुधन्वानंही केला नाही. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेला, स्वतः डायरेक्टर झालेला माणूस सेकंडहँड गोल्फ सेट डिकीत चादरीखाली लपवतो, यात हसण्यासारखं असलं तरी त्याला स्वतःला हसू येत नसे. देवयानीला सांगितलं असतं तर ती चिडवून चिडवून मोकळी झाली असती. पण तिनं ते जेवताना बाबांसमोर बोलून दाखवलं असतं, हसत हसत. आणि ते बाबांनी ऐकायला नको होतं.

मग दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि हळूहळू शब्द परत यायला लागले तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. बाबांची हिंदी गेली होती. पन्नास वर्षं दिल्लीत काढलेला माणूस, ज्याची हिंदी टिप्पणी सेक्शनमध्ये नमुना म्हणून दाखवत, भाजीवाल्याशी त्याच्याच बोलीत घासाघीस करणारा. त्याला 'पानी' म्हणता येईना आणि कुणी म्हटलं तर कळेना. मराठी उरली, तीही तुटक. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, आधी शिकलेली भाषा तगते. अटेंडंट ठेवून पाहिला. भला माणूस होता, बिहारचा, हात हलका. बाबांनी चष्मा मागितला की तो भांडं आणायचा, पाणी मागितलं की पंखा लावायचा. एका दुपारी बाबा रडले, आवाज न करता. त्या संध्याकाळी सुधन्वा म्हणाला, उद्यापासून सकाळचं सगळं मी करीन. आणि तो करत राहिला. उठवायचं, न्यायचं, आंघोळ घालायची, कपडे घालायचे, चाकांच्या खुर्चीत बसवून बाल्कनीत ऊन येतं तिथे आणून ठेवायचं. दुपारी शाळेतली नोकरी आटोपून आली की देवयानी, संध्याकाळी कॉलेजमधून आली की मुलगी, इशिता. इशिताची मराठी दिल्लीतली, त्यात 'उशी'ला ती 'तकिया'च म्हणायची. पण आजोबांसाठी तिनं शब्द गोळा करायला सुरुवात केली होती. सकाळचं सगळं आटोपलं की सुधन्वा बाहेर पडे. ऑफिसात बायोमेट्रिक कडक झालंय, लवकर जावं लागतं, असं त्यानं घरी सांगितलं होतं. खाली पार्किंगमध्ये डिकी उघडून चादर नीट करायची, मोजा खिशात टाकायचा आणि नोएडा. तासभर. त्या तासात डेटॉलचा वास नसे, बाबांच्या घशातली घरघर नसे. चेंडू, चटई आणि तो. आणि तो मारायचा. जीव खाऊन मारायचा. चेंडूंची बादली संपली की दुसरी घ्यायचा. खेळ म्हणून मारत होता का? आपण नेमकं कशाला मारतोय हा प्रश्न मनात आला की तो पुढचा चेंडू चटईवर ठेवायचा.

आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणारं नोएडातलं एक सेंटर देवयानीनं शोधलं. नुसतं ढिम्म बसून न राहता कामाला लागायची तिची पद्धतच होती. दोघं जाऊन पाहून आले. जागा स्वच्छ होती, नर्सेस हसऱ्या होत्या, खिडकीबाहेर बोगनवेल होती. मोठ्या खोलीत दहा-बारा म्हातारी माणसं टीव्हीपुढे बसली होती आणि टीव्हीवर हिंदी बातम्या चालू होत्या. "महिनाभर फक्त," देवयानी म्हणाली, "तुझा हात बरा होईपर्यंत." सुधन्वानं मान डोलावली. महिनाभर म्हणजे किती हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही त्यावर आणखी बोलले नाहीत. जेवताना इशिता भडकली. "आजोबांना तिथे समजणार कोण? यू मीन ते पाणी मागणार आणि कोणालाच कळणार नाही? यार मम्मा, ये तो बिल्कुल गलत है." देवयानी शांतपणे म्हणाली, "मग पप्पांचा हात जाऊ दे? तू उचलशील? मी पाहिलंय उचलून, माझी कंबर दोन दिवस धरली होती." इशिता बापाकडे बघत राहिली. त्यानं पोळीचा घास डाव्या हातानं तोडला. उजवा हात मांडीवर होता, पट्टा घातलेला, सगळ्यांना दिसेल असा. आतल्या खोलीत बाबांचा दिवा चालू होता आणि दार उघडं होतं.

फिजिओथेरपिस्ट मुलीचं नाव मृणाल. इंदूरची, त्यामुळे मराठी येत होती, जरा वेगळ्या हेलाची. पहिल्या दिवशी तिनं त्याचा हात उताणा ठेवला, मनगट धरलं, म्हणाली, आता माझ्या हाताविरुद्ध दाबा. मग म्हणाली, "काका, हे नुसतं उचलून नाही झालेलं. तुम्ही खेळता का काही?" पडद्यापलीकडे कुणीतरी मशीनवर पाय शेकत होतं. सुधन्वानं पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला कळायच्या आत तो सगळं सांगून बसला. रेंज, चटई, दोन दोन बादल्या. अनोळखी माणसाला सांगणं किती सोपं असतं. ती हसली नाही. चटईखाली सिमेंट आहे का? आहे. मारण्याआधी अंग गरम करता? नाही, वेळ नसतो. काठी मारताना चटईला आपटते? कधी कधी. मग तिनं आपली दोन बोटं पुढे केली. "क्लब धरता तसं धरा." त्यानं धरली. "अहो काका! तोडाल!" ती हात झटकत म्हणाली. "अशी मूठ आवळली तर कोपर बोलणारच. चिकू पिकलाय का बघताना धरतो ना आपण, तेवढंच धरायचं." तिनं सांगितलं ते सोपं होतं. दीड महिना काठीला हात लावायचा नाही. दुखलं की बर्फ. पाण्याची बाटली हातात घेऊन मनगट हळूहळू खाली सोडायचं, वर आणताना दुसऱ्या हाताची मदत घ्यायची. टॉवेल हलकेच पिळायचा. पुढे खेळायला लागल्यावर आधी दहा मिनिटं चालणं, खांदे-मनगटं फिरवणं, काठीची मूठ जरा जाड करून घेणं, चटईऐवजी गवत, आणि एका दिवसात मोजकेच चेंडू. "आणि वडिलांना उचलणं?" त्यानं विचारलं. "उचलल्यानं दुखतंय, पण उचलल्यानं झालेलं नाही," ती म्हणाली. तिनं कपाटातून एक रुंद पट्टा काढला, त्याला दोन्हीकडे मुठी होत्या. हा त्यांच्या कमरेला बांधायचा, त्यांना अंगाशी घ्यायचं, जोर गुडघ्यांतून लावायचा, पंजानं ओढायचं नाही. दुसऱ्या बाजूनं कुणी नुसता हात दिला तरी पुरे. तिनं तो स्वतःच्या कमरेला बांधून त्याला करून दाखवायला लावलं. फारसं दुखलं नाही. पट्टा घेऊन तो बाहेर आला आणि गाडीत बराच वेळ बसून राहिला.

म्हणजे प्रश्न नव्हताच. पट्टा होता, रीत होती, दीड महिन्याची विश्रांती होती. बाबांना कुठे पाठवायची गरज नव्हती. घरी जाऊन एवढंच सांगायचं होतं. पण देवयानी विचारणार, डॉक्टर तर म्हणाले होते की उचलल्यामुळेच झालं. मग कशामुळे झालं? आणि तिथे पोचल्यावर वाट एकच होती. तो आठ दिवस त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन परत येत राहिला. चहा घेताना, दात घासताना, लिफ्टमध्ये. वाक्य जुळवायचा. देवयानी, एक गंमत सांगायची राहिली. देवयानी, चिडू नकोस हं. पट्टा मात्र डिकीत चादरीखाली राहिला, काठ्यांच्या शेजारी. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी तो स्वतःशीसुद्धा अर्धवटच बोलत होता. बाबा तिकडे गेले तर सकाळ मोकळी होईल. सगळी सकाळ. हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा तो मेट्रोच्या पुलाखाली सिग्नलला उभा होता. त्यानं घाईघाईनं रेडिओ लावला. दुसऱ्यांदा आला तेव्हा लावला नाही.

लहानपणी पहाडगंजच्या मराठी शाळेत त्याला सोडायला बाबाच येत. नवी दिल्ली स्टेशनच्या त्या बाजूची गर्दी, हातगाड्या, हमाल, सामान डोक्यावर घेतलेले प्रवासी. बाबा त्याचं बोट धरत नसत, मनगट धरत. घट्ट. शाळेच्या फाटकाशी सोडलं की मनगटावर चार बोटांचे लाल वळ उमटलेले असत आणि पहिला तास संपेपर्यंत ते पुसले जात. दुखतं म्हटलं तर म्हणत, सुटलास तर सापडायचा नाहीस. आता रोज सकाळी तेच वळ बाबांच्या दंडावर उमटत होते. म्हातारी कातडी, लगेच काळीनिळी पडायची. "एवढं... घट्ट... नको रे," बाबा म्हणत. एकेका शब्दाला त्यांना केवढा जोर लावावा लागे. तो म्हणायचा, पडाल ना बाबा. सैल धरायचं कसं, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

बाबांना सेंटरवर न्यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. आंघोळ झाली होती. सुधन्वा स्टुलावर बसून बाबांचे पाय पुसत होता. बाबांनी आपला धड असलेला डावा हात पुढे केला आणि सुधन्वाचा डावा हात धरला. उलटा केला, सुलटा केला. उन्हाळाभर सकाळच्या उन्हात सुधन्वाचा उजवा हात तांबूस काळा पडला होता, आणि डावा मनगटापासून खाली पांढराफटक होता, जसा कोवळ्या मुलाचा असावा. मनगटावर सरळ रेघ. बाबांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. "पाणी लागून झालं असेल," तो म्हणाला आणि हात काढून घेतला. बाबांची नजर झटक्यानंतर मंदावली होती, चष्म्याशिवाय त्यांना घड्याळ दिसत नसे. चष्मा बाहेर होता. काही दिसलं नसणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग नेहमीप्रमाणे त्यानं त्यांना चष्मा घातला, खुर्ची बाल्कनीत नेली, ब्रेक लावला आणि तो खाली उतरला. रेंजवर जाणं बंद होतं, तरी सवयीनं डिकी उघडून चादर सारखी केली.

रविवारी अकराला सेंटरवर पोचायचं होतं. सेट हलवायला हवा हे त्याला आदल्या आठवड्यापासून कळत होतं, कारण खुर्ची डिकीतच जाणार होती. धीरजकडे ठेवू म्हणाला तर धीरज लग्नाला लखनौला गेला होता. सकाळी लवकर खाली जाऊन सोसायटीच्या स्टोअरमध्ये टाकू, असं ठरवलं. पण सकाळी बाबा उठेचनात. आजारी वगैरे नव्हते, डोळे उघडे होते, फक्त अंग टाकून पडले होते. त्यांना उठवून तयार करण्यात दहा वाजले. देवयानीनं बॅग भरली, तिच्यात तिनं आठवणीनं त्यांची जुनी शाल, अडकित्ता, आणि मोठ्या अक्षरांची पोथी घातली. इशितानं बॅगेच्या वरच्या कप्प्यात आजोबांसाठी गोळा केलेल्या शब्दांची यादी घातली आणि लिफ्टचं बटण दाबलं. सुधन्वाचा हात खिशात किल्लीभोवती होता. लिफ्ट उतरताना तो वाक्य जुळवत होता. मी गाडी पुढे आणतो म्हणू. तुम्ही इथेच थांबा म्हणू. पण बाबांना खुर्चीतून पुढच्या सीटवर बसवायला तोच हवा होता. वॉचमननं एक हात दिला, कोपरात सुरी फिरल्यासारखं झालं, आणि बाबा बसले. देवयानीनं त्यांचा सीटबेल्ट लावला. मग तिनं खुर्ची घडी केली आणि हात पुढे केला.

"किल्ली दे. डिकी उघडते."

सुधन्वा उभा राहिला. किल्ली मुठीत होती आणि तिचे दाते तळव्यात रुतत होते.

"खुर्ची," पुढच्या सीटवरून बाबा म्हणाले. सगळे वळले. बाबांची मान समोर होती, ओठ थरथरत होते. "खुर्ची... मागे. सीटवर."

"सीटवर इशिता बसणार ना बाबा," देवयानी वाकून, सावकाश म्हणाली. "खुर्ची डिकीत ठेवू."

"डिकीत... जागा... नाही."

"जागा नाही? का? काय आहे डिकीत?"

बाबांनी डोळे मिटले. शब्द आतून ओढून काढायला त्यांना वेळ लागत होता, कपाळावरची शीर फुगली. "सामान," ते म्हणाले. मग पुन्हा दम घेतला. "ऑफिसचं."

सुधन्वानं वर पाहिलं. पहिल्या मजल्यावरची बाल्कनी. दांडीवर वाळत घातलेला बाबांचा पंचा. कठड्याच्या बरोबर खाली त्यांची गाडी, रोज इथेच उभी असणारी; डिकी नेमकी त्या कठड्याकडे. रोज सकाळी चष्मा घालून, ब्रेक लावून तो त्यांना तिथेच बसवत आला होता. त्यांनी सगळं पाहिलं होतं. चादर, काठ्या, खिशात कोंबलेला पांढरा मोजा. आणि दार उघडं असताना झालेली ती बोलणीही ऐकली होती, आपल्याला उचलून मुलाचा हात गेला म्हणून आपण नोएडाला जायचं आहे, हे. तरी आज बोलायला म्हणून जे चार-सहा शब्द त्यांच्यापाशी उरले होते, ते त्यांनी मुलाचं खोटं झाकण्यात घातले. वाकले. सांगावंसुद्धा लागलं नाही.

"सुधन्वा? कसलं सामान?" देवयानी विचारत होती.

त्यानं मूठ उघडली. तळव्यावर किल्लीचे दाते उमटले होते. "घे," तो म्हणाला. "उघड."

झाकण वर गेलं. तिनं चादर बाजूला केली. इशिता तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. काठ्या, टॉवेल, कडक झालेला मोजा, आणि दोन मुठींचा तो कोरा पट्टा. मग देवयानीनं त्याच्या कोपराकडे पाहिलं आणि चेहऱ्याकडे पाहिलं, आणि डॉक्टरांकडचा तो शब्द तिला आठवला असावा, कारण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आज ती हसली नाही. "किती दिवस?" तिनं विचारलं. "आई गेल्यापासून," तो म्हणाला. "हात यानं गेला. बाबांना उचलून नाही." आणखी पुष्कळ सांगायचं होतं, ते आता रोज थोडं थोडं सांगावं लागणार होतं, आणि तिनं ते किती ऐकून घ्यावं हे तिच्यावर होतं.

तो पट्टा घेऊन पुढच्या दाराशी आला आणि वाकून बाबांचा सीटबेल्ट सोडवायला लागला. बाबा घाबरले. त्यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं, जुन्या जोरानं, आणि तोंड त्याच्या कानाशी आणलं. "ऑफिसचं," ते कुजबुजले. "सांग... तिला. ऑफिसचं."

"नाही बाबा," सुधन्वा म्हणाला. "माझं आहे."

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मनगटावरची बोटं एकेक करून सैल झाली. सुधन्वानं पट्टा त्यांच्या कमरेभोवती घेतला, त्यांना अंगाशी धरलं, गुडघे वाकवले, आणि मूठ आवळायची नाही हे स्वतःला बजावलं. दुसऱ्या बाजूला पावलं वाजली. देवयानीनं पलीकडची मूठ धरली.